कॉपी परीक्षेच्या हॉलमध्ये सुरू होत नाही

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाला विचारा, ‘तू कॉपी करतोस का?’ तो ठामपणे नाही म्हणेल, आणि बहुतेक वेळा ते खरंच असेल. मग विचारा, ‘केमिस्ट्रीचं जर्नल कुणाचं बघून लिहिलंस?’ प्रॅक्टिकलच्या त्या वहीसाठी तो लगेच मित्राचं नाव सांगेल. या दोन उत्तरांत काही विसंगती आहे असं त्याला वाटत नाही. वाटावं असं त्याला आजवर कुणी सांगितलेलंही नसतं.

सोलापुरात कॉलेजातल्या गैरप्रकारांची चर्चा होते ती परीक्षेच्या मोसमात. भरारी पथक आलं, इतके कॉपीबहाद्दर सापडले अशी बातमी येते आणि चार दिवसांनी विषय मागे पडतो. माझं म्हणणं असं की हॉलमध्ये सापडते ती या सवयीची शेवटची पायरी. सवय लागते त्याच्या कितीतरी आधी. जर्नल, असाइनमेंट, प्रोजेक्ट, इंटर्नल म्हणजे कॉलेजातली अंतर्गत परीक्षा, या कामांत ती लागते आणि तिच्यावर शिक्षकांची सहीही असते. म्हणून आधी यात काय काय येतं ते बघू. मग ते का घडतं, नियम काय सांगतात, सापडल्यावर काय होतं आणि एआय आल्यापासून काय बदललं, याकडे वळू.

यात काय काय येतं

परीक्षेतली कॉपी सगळ्यांना ओळखता येते. चिठ्ठी, मायक्रो झेरॉक्स, तळहातावरची सूत्रं, मोज्यात लपवलेला मोबाइल, पुढच्या बाकावरून आलेली पुरवणी. त्याहून गंभीर म्हणजे डमी बसवणं आणि पेपर फोडणं. यांबद्दल फार समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा प्रकार वाङ्मयचौर्याचा. दुसऱ्याचा मजकूर, आकृती, तक्ता किंवा कल्पना घ्यायची आणि मूळ माणसाचं नाव न सांगता आपली म्हणून द्यायची. इथे ‘कल्पना’ हा शब्द लक्षात ठेवावा. शब्द बदलले तरी युक्तिवाद जसाच्या तसा उचलला असेल तर तेही चौर्यच. इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण मराठीत उतरवून आपल्या प्रबंधात घातलं तर तेसुद्धा.

तिसरा प्रकार आकडे बनवण्याचा, आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. टायट्रेशन म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून तीव्रता काढणं. त्यात पहिलं अंदाजाचं, म्हणजे पायलट रीडिंग घेतलं, पुढची दोन-तीन जुळली की ‘सीबीआर’ मिळालं, म्हणजे ब्युरेटचं रीडिंग स्थिर आलं. पण ती जुळली नाहीत तर? वेळ संपत आलेली असते, म्हणून जुळवून लिहिली जातात. उत्तर किती यायला हवं ते आधीच ठाऊक असेल तर गणित उलटं सोडवून रीडिंग भरली जातात. आर्ट्स-कॉमर्सला याचं भावंड म्हणजे सर्वेक्षण. प्रश्नावली शंभर लोकांकडून भरून आणायची असते. वीस जणांना विचारलं जातं आणि उरलेल्या ऐंशी प्रश्नावल्या हॉस्टेलच्या खोलीत वेगवेगळ्या पेनांनी भरल्या जातात.

चौथा प्रकार म्हणजे काम दुसऱ्याकडून करून घेणं. तयार प्रोजेक्ट, पैसे देऊन लिहून घेतलेला प्रबंध, मोठ्या भावाने केलेलं प्रोग्रॅमिंग. आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड या देशांनी २०१९ ते २०२२ या काळात अशी सेवा विकण्यावरच कायद्याने बंदी घातली. तिथे लिहून देणारा दुकानदार गुन्हेगार ठरतो.

प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर मित्राची हजेरी लावणं, हेही यातच मोडतं. आणि एक गोष्ट मुलांना पटत नाही, तरी सांगायलाच हवी: स्वतःचं जर्नल उतरवायला देणाराही या व्यवहारात असतो. एकत्र अभ्यास करणं, एकमेकांना गणित समजावणं, कुठे चुकतंय ते दाखवणं हे चांगलंच. रेघ ओलांडली जाते ती लिहिण्याच्या वेळी. समजून घेताना चार डोकी चालतात, पण कागदावर उतरवताना ज्याच्या नावाचा कागद त्याचंच डोकं असायला हवं.

जर्नल नावाची शाळा

जर्नलचा व्यवहार बाहेरच्या माणसाला माहीत नसतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. प्रॅक्टिकल झालं की त्याच आठवड्यात ते लिहून सरांची किंवा मॅडमची सही घ्यायची, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात सत्र संपताना ‘सबमिशन’ नावाचा पूर येतो. सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे ते पूर्ण करणं भागच असतं. बॅचमध्ये एखादीचं अक्षर सुंदर असतं आणि तिचं जर्नल पूर्ण असतं. ते हातोहात फिरतं. उद्देश, साहित्य, कृती, आकृती आणि निरीक्षणं, सगळं उतरतं. निरीक्षणं म्हणजे आकडे, आणि ते प्रत्येकाचे वेगळे यायला हवेत, हे त्या रात्री कुणाच्या ध्यानात राहत नाही. एखाद्याने शंका काढलीच तर उत्तर ठरलेलं: ‘लिही की बे, सर कुठं वाचायलेत!’

आणि ते खरं असतं. सरांसमोर जर्नलांचा ढीग असतो. अशा सरांपैकी बरेच तासिका तत्त्वावरचे, म्हणजे ज्यांना तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात आणि जर्नल तपासण्याचे वेगळे काही मिळत नाहीत. पान उलटून लाल पेनची खूण, सही, तारीख. पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर ‘समाधानकारकरीत्या पूर्ण केले’ असं छापलेलं असतं. त्याखाली विभागप्रमुखांची सही येते, मग बाहेरून आलेल्या परीक्षकाची. तिघांनाही आत काय आहे याचा अंदाज असतो.

अठरा वर्षांच्या मुलाला यातून काय शिकायला मिळतं? लिहिलेलं खरं असण्याची गरज नाही, ते पूर्ण असलं की झालं. हे त्याला कुणी तोंडाने शिकवत नाही. तीन वर्षं दर सत्रात, प्रत्येक विषयात, प्रमाणपत्रासह ते त्याच्याकडून गिरवून घेतलं जातं. पुढे तोच मुलगा परीक्षेत चिठ्ठी काढतो तेव्हा आपण त्याच्या संस्कारांबद्दल बोलतो. मला हे अन्यायाचं वाटतं. चिठ्ठी चूकच आहे, तिची शिक्षा व्हायलाच हवी. पण ज्या व्यवस्थेने तीन वर्षं खोट्या आकड्यांवर सह्या केल्या तिने अचानक धक्का बसल्यासारखं दाखवू नये.

कळलंच नाही तर लिहायचं काय

सोलापूरचं एक वैशिष्ट्य या विषयात फार महत्त्वाचं आहे, आणि त्याकडे कुणी बघत नाही. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांतून येणाऱ्या मुलांची घरची भाषा कन्नड. शहराच्या मोठ्या भागात दखनी उर्दू. शाळा मराठीतून किंवा आपापल्या माध्यमातून होते आणि मग अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी पुस्तक हातात येतं. म्हणजे घर एका भाषेत, शाळा कधी दुसऱ्या भाषेत आणि पदवी तिसऱ्या.

‘तुमच्या शब्दांत लिहा’ असं आपण या मुलाला सांगतो. कोणत्या शब्दांत? इंग्रजी परिच्छेदाचा अर्थ त्याला अर्धवट लागलेला असतो. स्वतःचं वाक्य करायला गेला तर व्याकरण चुकेल, अर्थ बिघडेल आणि मार्क जातील. जसंच्या तसं उतरवलं तर निदान चूक होणार नाही, इतका साधा हिशेब असतो. यात आळस कमी आणि भीती जास्त. घरातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा, विडी कामगार आईचा किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या बापाचा मुलगा नापास होण्याची जोखीम घेऊ शकत नाही. म्हणून तो छापील वाक्याच्या आडोशाला उभा राहतो.

यावर एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, घरच्या भाषेत मोठ्याने कुणाला तरी समजावून सांगायचं. तेलुगूत सांगा, कन्नडमध्ये सांगा, काही बिघडत नाही. जिथे अडलं तिथे कळलेलं नाही, तेवढंच पुन्हा वाचायचं. सांगता आलं की मग लिहायचं, सोप्या, तुटक इंग्रजीत का होईना. आणि शिक्षकांनी अशा तुटक इंग्रजीतल्या प्रामाणिक उत्तराला, गाइडमधून उतरवलेल्या अस्खलित उत्तरापेक्षा जास्त मार्क द्यायला हवेत. हे झालं नाही तर वरचा सल्ला पोकळ ठरतो.

शब्दांची अदलाबदल म्हणजे ‘स्वतःचे शब्द’ नव्हेत, हेही उदाहरणाने बघू. पुस्तकात वाक्य आहे समजा: ‘पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे पाणी कठीण होते आणि साबणाला फेस कमी येतो.’ विद्यार्थ्याने लिहिलं: ‘जलामधील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे पाणी जड बनते व साबणाचा फेस घटतो.’ हे चौर्यच, कारण वाक्याचा सांगाडा तोच आहे. आता हे बघा: ‘आमच्या वस्तीतल्या बोअरच्या पाण्याला साबण लवकर फेसत नाही. पुस्तकात याचं कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असं दिलं आहे. तेच कारण इथे लागू आहे का हे बघण्यासाठी आम्ही तीन बोअरचे नमुने तपासले.’ माहिती पुस्तकातलीच आहे, पण पुस्तकाचं ते पुस्तकाच्या नावावर आहे आणि बाकीचं विद्यार्थ्याचं.

मन स्वतःला कसं समजावतं

चूक करणारा माणूस सहसा स्वतःला वाईट मानत नाही. १९५७ मध्ये ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारीचा अभ्यास करताना दाखवलं की नियम मोडणाऱ्यांना नियम मान्यच असतो. फक्त त्या वेळेपुरता तो आपल्याला लागू नाही अशी समजूत ते करून घेतात. अशा समजुतींचे पाच प्रकार त्यांनी सांगितले. पुढे परीक्षेतल्या गैरप्रकारांच्या अभ्यासातही तेच पाच सापडत गेले. आपल्याकडच्या कट्ट्यावर बसून ऐकलं तरी सापडतात. ‘सरांनी पोर्शनच पूर्ण केला नाही, आम्ही काय करणार’ म्हणजे जबाबदारी आपली नाही. ‘एका इंटर्नलने कुणाचं काय गेलं?’ म्हणजे नुकसान झालंच नाही. ‘त्या मॅडम मुद्दाम मार्क कापतात, त्यांना असंच पाहिजे’ म्हणजे ज्याचं नुकसान झालं तो त्याच लायकीचा. ‘ह्यांची पीएच.डी. कशी झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे’ म्हणजे बोट दाखवणाऱ्यावरच बोट. आणि सगळ्यांत अवघड पाचवं: ‘दोस्त मागे बसलाय, त्याला नाही कसं म्हणू?’ इथे मैत्री नियमापेक्षा मोठी ठरते.

हा पाचवा मुद्दा मी हलका मानत नाही. करमाळ्याहून, मंगळवेढ्याहून येऊन खोली करून राहणारी मुलं एकमेकांच्या आधारावर जगतात. डबा, फॉर्मची फी, आजारपण, सगळं मित्रच बघतात. त्या मित्राने हॉलमध्ये पेपर थोडा सरकव म्हटलं तर नाही म्हणायला फार बळ लागतं.

विल्यम बॉवर्स यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ९९ कॉलेजांतल्या पाच हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी केली. चारांतल्या तिघांनी कधी ना कधी काही गैर केल्याचं कबूल केलं. नव्वदच्या दशकात डोनाल्ड मॅककेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांनी तोच धागा पुढे नेला. त्यांना आढळलं की विद्यार्थी कॉपी करेल की नाही, हे त्याच्या आजूबाजूचे किती जण करताना त्याला दिसतात यावर फार अवलंबून असतं. आकडे अमेरिकेचे आहेत, ते उचलून इथे चिकटवता येणार नाहीत. पण कारणाचा धागा ओळखीचा आहे. बॅचमधले सगळेच जर्नल उतरवत असतील तर एकट्याने खरं रीडिंग लिहिणं म्हणजे स्वतःचे मार्क कमी करून घेणं. प्रामाणिक मुलीलाच दंड बसतो, आणि हे तिला पहिल्या सत्रातच कळतं.

नियम काय म्हणतात

इथे तीन-चार वेगवेगळे कायदे आहेत आणि बातम्यांत त्यांची सरमिसळ होते.

महाराष्ट्रात विद्यापीठ आणि बोर्डाच्या परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी १९८२ पासून स्वतंत्र अधिनियम आहे. पेपरफुटीच्या प्रकरणांत पोलीस गुन्हा नोंदवतात तो बहुधा याच्या आधारे. डमी बसवला तर तोतयेगिरी करून फसवणूक, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ लागू शकतं, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. केंद्राचा सार्वजनिक परीक्षांचा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. त्यात मोठ्या शिक्षा आहेत, पण तो यूपीएससी, रेल्वे, बँक भरती, एनटीए (प्रवेश परीक्षा घेणारी केंद्रीय संस्था) अशा परीक्षांसाठी आहे आणि त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे. सोलापूर विद्यापीठाच्या सत्र परीक्षेत चिठ्ठी सापडली म्हणून कुणी एक कोटीच्या दंडाची भीती घालत असेल तर तो चुकीचं सांगतोय.

चिठ्ठी सापडली तर प्रकरण विद्यापीठाकडे जातं. पर्यवेक्षक उत्तरपत्रिका आणि सापडलेला कागद ताब्यात घेतात, विद्यार्थ्याचा लेखी जबाब घेतात, प्रकरण चौकशी समितीपुढे येतं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने परीक्षा व मूल्यमापन मंडळाला अशी समिती नेमण्याचा अधिकार दिला आहे. त्या विषयाची संपादणूक, म्हणजे मिळालेले मार्क, रद्द होण्यापासून पूर्ण परीक्षा रद्द होऊन पुढच्या काही परीक्षांना बंदीपर्यंत शिक्षा होऊ शकते.

पण म्हणणं मांडण्याची संधी मिळाल्याशिवाय शिक्षा होता कामा नये. ही कुणाची मेहेरबानी नाही. उत्तर प्रदेशच्या बोर्डाविरुद्ध घनश्याम दास गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितलं की गैरप्रकाराच्या आरोपावरून निकाल रद्द करणारी समिती न्यायाधीशासारखं काम करत असते, म्हणून तिने विद्यार्थ्याचं ऐकलंच पाहिजे. याला मर्यादाही आहे. १९७० मध्ये बिहारमधल्या एका केंद्राच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की सामूहिक कॉपीमुळे अख्ख्या केंद्राची परीक्षा रद्द करायची असेल तर प्रत्येकाची वेगळी सुनावणी लागत नाही, कारण तिथे एकट्यादुकट्यावर ठपका नसतो, परीक्षाच खरी झालेली नसते. म्हणून नोटीस आली तर घाबरून घरी बसू नये. दिलेल्या तारखेला जावं, खरं काय झालं ते लेखी द्यावं, त्याची प्रत जवळ ठेवावी. आणि घरी सांगावं. पालकांनीही त्या दिवशी आरडाओरडा बाजूला ठेवावा. एक पेपर परत देता येतो.

प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची विनियमावली आहे. तिची टप्प्यांची रचना समजायला सोपी आहे. दुसरीकडच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर पुन्हा सादर करायला मनाई. ६० टक्क्यांच्या वर असेल तर नोंदणीच रद्द. पदवी मिळून गेल्यावर उघड झालं तर पदवी स्थगित होऊ शकते. नीट संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, प्रस्तावना, कायद्यांची कलमं, प्रमाणित सूत्रं आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसाधारण साम्य या मोजणीतून वगळलेलं आहे. प्राध्यापकांच्या प्रकाशित लेखांनाही याच नियमांत वेतनवाढ रोखण्यापर्यंतची शिक्षा आहे.

आता यातली खरी गोम. या विनियमावलीत ज्या लेखनाला हे नियम लागू होतात त्याची व्याख्या दिली आहे, आणि तीतून असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध, अभ्यासक्रमातलं लेखन आणि उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे एम.ए.चा लघुप्रबंध आणि पीएच.डी. यांना चाळणी, आणि बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या तीन-चार वर्षांतल्या सगळ्या लेखनाला काहीच नाही. त्याला कारण आहे. लाखो जर्नलं सॉफ्टवेअरमधून काढणं शक्य नाही, आणि तसं करावं असंही मला वाटत नाही. पण सवय जिथे लागते ती जागा मोकळी सोडून पंचविसाव्या वर्षी टक्केवारी मोजायला बसायचं, असा याचा अर्थ होतो.

टक्केवारी आणि एआय

ती टक्केवारीही फसवी असते. विद्यापीठांना गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्रामार्फत साम्य तपासणारं सॉफ्टवेअर मिळतं. ते शब्द जुळवून दाखवतं, चोरी झाली की नाही हे ठरवत नाही. ते ठरवायला वाचणारा माणूस लागतो. ३० टक्के साम्य असलेला प्रबंध पूर्ण प्रामाणिक असू शकतो, कारण त्यात कायद्यांचे आणि दस्तऐवजांचे लांब उतारे असतील. ४ टक्के साम्य असलेला प्रबंध इंग्रजीतून भाषांतर करून उचललेला असू शकतो, कारण भाषा बदलली की शब्द जुळत नाहीत. ‘परसेंटेज कमी करून देतो’ म्हणणारी दुकानं याच फटीत उभी राहिली.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि ही फट दरवाजाएवढी झाली. आता मजकूर कुणाशीच जुळत नाही आणि विद्यार्थ्याचाही नसतो. मग एआयने लिहिलेलं ओळखणारी साधनं निघाली. त्यांच्यावर विसंबू नका, हे मी शिक्षकांना कळकळीने सांगतो. ज्या कंपनीने चॅटजीपीटी बनवलं तिनेच स्वतःचं ओळख-साधन जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेत लिहिलेले निबंध त्यांनी त्यांतून काढले, आणि सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे म्हणून चुकीने दाखवले गेले. साधी वाक्यं आणि मोजकाच शब्दसंग्रह यंत्राला यांत्रिक वाटतो. आपल्या मुलांचं इंग्रजी नेमकं तसंच असतं. म्हणजे कष्टाने चार ओळी इंग्रजीत लिहिणाऱ्या अक्कलकोटच्या मुलीवरच संशय यायचा.

विद्यार्थ्यांसाठी माझा सल्ला असा. अवघड संकल्पना मराठीत समजून घ्यायला एआय वापरा, त्याला शंका विचारा, स्वतःचा परिच्छेद दाखवून कुठे चुकलंय ते विचारा. त्याचा मजकूर उचलून देऊ नका, आणि वापरलं असेल तर कशासाठी ते एका ओळीत लिहा. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात प्रत्यक्ष बघा, कारण ते अस्तित्वात नसलेली पुस्तकं पान क्रमांकासह सांगतं. कच्चे मसुदे फेकू नका. उद्या कुणी संशय घेतलाच तर खाडाखोड केलेली चार पानं हा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

शिक्षकांना काय करता येईल

नवा निधी किंवा परिपत्रक न लागणारे उपाय आहेत. टायट्रेशनला प्रत्येक टेबलावर वेगळ्या तीव्रतेचं द्रावण ठेवलं की शेजाऱ्याचं रीडिंग निरुपयोगी होतं. जर्नलवर सही करताना एकच पान उघडून ‘हे रीडिंग इतकं का आलं?’ असा एक प्रश्न विचारायचा. उत्तरपत्रिकेत न जुळलेलं पण खरं रीडिंग आणि त्याचं कारण लिहिलं असेल तर पूर्ण मार्क द्यायचे. हा बदल छोटा दिसतो, पण त्याने प्रामाणिक मुलीचा दंड संपतो.

प्रोजेक्टचा विषय इंटरनेटवर तयार मिळणार नाही असा द्यायचा. ‘जागतिकीकरणाचे परिणाम’ कुठूनही मिळतं. हिप्परगा तलावाच्या पाण्याची उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यातली कठीणता, नान्नजच्या माळरानालगतच्या शेतकऱ्यांच्या पीकपद्धती, आपल्याच गल्लीतल्या दहा विडी कामगार बायकांच्या दिवसाचं वेळापत्रक, हे विकत मिळत नाही. ते जाऊनच आणावं लागतं. आणि मुलांना ते आवडतं, कारण पहिल्यांदाच त्यांना काहीतरी ठाऊक असतं जे सरांना ठाऊक नसतं.

सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं होऊन एका जिल्ह्यापुरतं स्थापन झालं. एका जिल्ह्याचं विद्यापीठ म्हटल्यावर शिक्षक, परीक्षक, पेपर काढणारे एकमेकांना ओळखतात. त्यामुळे भिडस्तपणा येतो, हे खरं. पण त्याच कारणाने दहा-बारा विभागप्रमुखांनी एकत्र बसून जर्नलची पद्धत बदलायची ठरवली तर ते मुंबई-पुण्यापेक्षा इथे लवकर जमेल.

तो बदल कसा असावा याचा नमुना इथून जवळच आहे. पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. आपल्याकडून केमिस्ट्री घेऊन बाहेर पडलेली मुलं तिथे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत लागतात. औषधाच्या कारखान्यात टायट्रेशनचं रीडिंग जुळवून लिहिणं याला ‘मॅनेज करणं’ म्हणत नाहीत. २०१३ मध्ये रॅनबॅक्सी या औषध कंपनीच्या अमेरिकी उपकंपनीने औषधनिर्मितीतले दोष आणि सरकारला दिलेली खोटी माहिती याबद्दल तिथे गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये नोंदींच्या सचोटीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम होत असतानाच केलेली असली पाहिजे, मूळ असली पाहिजे, अचूक असली पाहिजे, एवढंच त्यांचं सार. म्हणून अशा प्रयोगशाळेत व्हाइटनर चालत नाही. सुट्या कागदावर आधी लिहून नंतर वहीत उतरवणंही चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख.

हेच नियम पहिल्या वर्षाच्या जर्नलला लावता येतात. निरीक्षणाचं पान प्रयोगशाळेतच, पेनाने, त्याच तासात भरायचं. शिक्षकांनी मुलं बाहेर पडायच्या आधी त्या एका पानावर सही करायची. उद्देश, साहित्य, कृती घरी सावकाश लिहिली तरी हरकत नाही, सुंदर अक्षरात लिहा, आकृत्या रंगवा. फक्त ते एक पान खाडाखोडीचं, डाग पडलेलं आणि ज्याचं त्याचं असू द्या. येत्या सत्रात एका कॉलेजच्या एका बॅचने एवढं करून बघितलं तरी त्या बॅचच्या निरीक्षणांच्या पानांवर किती वेगवेगळे आकडे येतात ते सगळ्यांना दिसेल.